बाबांच्या फोटोवरची रेघ

प्रिय दादा,

डॉक्टरांविरुद्धचा तक्रारअर्ज मिळाला. तुझ्या सहीखाली माझ्यासाठी जागा सोडली आहेस. चार दिवस तो टेबलावर तसाच पडून आहे. पाच महिन्यांपूर्वीच्या एमआरआयमध्ये बाबांच्या मणक्याजवळची गाठ डॉक्टरांच्या नजरेतून सुटली, असं तू लिहिलं आहेस. सुटली हे खरं. कुणामुळे, ते तुला माहीत नाही.

त्या दिवशी बाबा झोपायलाच तयार नव्हते. मशीनच्या तोंडाशी उभे राहून म्हणाले, "माप चुकलंय. पोटाकडे सैल सोडायला हवं होतं." जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस! आम्ही हसलो, पण त्यांचे हात गार पडले होते. "तू आत बसणार असशील तरच झोपतो, बयो." म्हणून मशीन चालवायला सहकारिणीला बाहेर बसवलं आणि मी आत थांबले. महिनाअखेरचा अहवाल त्याच दुपारी द्यायचा होता. मी लॅपटॉप आत नेला, लांब भिंतीपाशी मांडीवर घेऊन बसले. आत कॉम्प्युटर न्यायचा नाही, ही दारावरची पाटी माझ्याच अक्षरातली आहे. शरीरातून येणारे अगदी क्षीण संकेत मशीन टिपत असतं, त्यात कॉम्प्युटरची कुजबुजही मिसळते. नव्या मुलींना हे मीच शिकवते.

फोटोंवर आडवी रेघ आली. पुन्हा काढायला वीस मिनिटं लागली असती. बाबा घामाघूम झाले होते, "सोड आता" म्हणत होते. संध्याकाळी डॉक्टरांनी विचारलं, "ही रेघ कसली हो, ताई?" मी म्हटलं, "मशीनची जुनी खोड आहे, सर. दुर्लक्ष करा." पंधरा वर्षांत त्यांनी माझा शब्द कधी पडताळून पाहिला नाही. आता नव्या फोटोंत कळलं, गाठ त्या रेघेखालीच होती.

बाबांची दया आली म्हणून टाळलं, की स्वतःची चूक झाकायला? रोज वेगळं उत्तर येतं. पाच महिन्यांच्या उशिराने फारसा फरक पडला नसेल, असं सर्जन म्हणतात. त्या वाक्याला मी इतकी घट्ट धरून बसते, की मला माझाच संशय येतो.

काल बाबांना सगळं सांगितलं. बराच वेळ ते चादरीची शिवण चाचपत राहिले. मग विचारलं, "नोकरी जाईल का तुझी?" म्हटलं, बहुतेक जाईल. "मग दादाला सांगू नकोस. तो डोक्यात राख घालून घेईल. डॉक्टर बघून घेतील त्यांचं." आजवर बाबांचा शब्द मी मोडला नव्हता. हे पत्र तो मोडण्यासाठी लिहिलं आहे. अर्ज सोबत परत पाठवते. डॉक्टरांचं नाव खोडून तिथे माझं घातलं आहे, आणि मग खाली सही केली आहे.

रागावलास तरी तुझीच,
धाकटी