अक्काला आणायची गाडी

आबा, तुमची कंबर कशी आहे आता? आईचा दमा तिकडंही थंडीत उचल खातो का, की तिथली हवाच निराळी? आत्याचे डोळे? इकडं मी ठणठणीत आहे, गोळ्यांच्या जोरावर. मुलगा-सून मजेत. अक्काचं मात्र तसं नाही. आईचा दमा तिच्या वाट्याला आलाय. नांदेडच्या पलीकडं त्या घरात ती एकटीच असते, मुलगा परमुलखात. डिझेल-पेट्रोलचा नुसता वास आला तरी धाप लागते, त्यामुळं बस काय, साध्या मोटारीतही पाय ठेवायची सोय उरली नाही. तुमची थोरली पोर माझ्याजवळ यावी, एवढ्यासाठी या वयात मी विजेच्या गाड्यांचा अभ्यास मांडलाय.

वाळूजला मुलाच्या कारखान्यातल्या दोघा मित्रांकडं अशा दोन उंच गाड्या आहेत, एक निळी, एक पांढरी. मुलगा निळीच्या बाजूचा. "आई, ही झटकन चार्ज होते. चहा-पोहे होईस्तोवर निम्म्याच्या वर भरते." पांढरीची बॅटरी मोठी, एका दमात लांब जाते, पण अंगानं जड, आणि भरायला बसली की रुसलेल्या व्याह्यासारखी लवकर उठत नाही. माझा विचार वेगळा होता. त्या वाटेवर चार्जिंग म्हणजे ढाबा, आणि ढाबा म्हणजे धूर सोडत उभ्या ट्रकांची रांग. अक्काला तिथं चहापुरतं तरी कसं बसवू? मध्ये न भरता पोचवील तीच गाडी खरी. मुलगा म्हणाला, "पण पांढरी पोचते का ते बघावं लागंल. कंपनी सांगते ते अंतर कागदावरचं. एसी लावून, माणसं बसवून एका युनिटात किती चालते त्यावर सगळं."

म्हणून रविवारी दोन्ही गाड्या मागून आणल्या आणि दौलताबादच्या वाटेनं खुलताबादला गेलो. पुढं निळीत मुलगा, मागं पांढरी मी चालवत, शेजारी सून. आबा, गाडी सुरू झाली हेच मला कळलं नाही. किल्ला काचेतून असा सरकत होता, जणू तोच चाललाय आणि आम्ही उभे आहोत. परतताना घाट उतरू लागलो, आणि माझा हात आपसूक न्यूट्रलवर गेला. मग मी फ्रॉकमधली झाले. तुमच्या काळी-पिवळी जीपमध्ये गिअरच्या दांड्याला चिकटून बसलेय. गंगापूरहून निघालोय, मागं मेथीच्या जुड्या, बायका, कुणाचा तरी बोकड. छावणीच्या अलीकडचा उतार येतो, तुम्ही न्यूट्रल टाकून इंजिन बंद करता. भांडणाऱ्या बायकाही गप्प होतात. नुसता वारा, नि मध्येच कुणाच्या तरी बांगड्या. एकदा मी विचारलं, बंद कशाला केली, तर खेकसलात, "उतार फुकट दिलाय ना? मग त्याच्यावर तेल कशाला जाळती? गप समोर बघ." शाळा चौथीतच सुटली, पण वाचायला मी त्या काचेतूनच शिकले, दुकानांच्या पाट्या जोडून जोडून. गाडीही तशीच, तुमच्या पायांकडं बघून.

घरी आल्यावर मुलानं दोन्हींचे आकडे ताडून पाहिले नि मान हलवली. "पांढरी लई पिते. हिच्यानं मावशीच्या दारापर्यंत जाणं नाय व्हायचं." तेवढ्यात सून म्हणाली, "आई, उतारावर तुम्ही सारखं काय दाबत होता?"

"न्यूट्रल. तेल वाचवायला."

"तेल?" ती हसता हसता पायरीवरच बसली. "अहो आई, ही उतारावरच तर कमावते! गिअरात ठेवून पाय उचलला की चाकंच बॅटरीत वीज परत भरतात. तुम्ही हिची कमाईच बंद केली."

"स्टिअरिंगवर आजोबाच बसले होते म्हण की," मुलगा म्हणाला. राग मानू नका आबा, मीही हसले.

पुढच्या रविवारी तीच वाट, तोच घाट, या वेळी हात आवरून. उतारावर पाय उचलला तशी पडद्यावरची रेघ हिरवी झाली. शांतता मात्र तुमचीच होती, तीच बांगड्यांची. पांढरी निळीपेक्षा जास्त खाते ती खातेच, पण अक्काच्या दारी पोचून वर थोडं उरेल एवढं तिच्या अंगात आहे. वाटेत थांबायचं तर ढाब्यावर नाही, एखाद्या लिंबाखाली थांबू. अक्काच्या घरच्या प्लगवर भरायला रात्र जाईल, वर दिवसही, म्हणून मुलगा कुरकुरला. मी म्हटलं, बरंच की, बहिणीकडं तेवढंच राहणं होईल.

आता तशीच नवी पांढरी घेऊन आमच्या दारात उभी केलीय. काल अक्काला फोन केला. "वास नाय, धूर नाय, आवाज नाय."

"मग चालू हाय हे कळतं कसं बाई?"

"झाडं मागं जातात त्याच्यावरून."

आधी तिनं धाप आवरली. मग म्हणाली, "दोनच दिवस हं. माझ्या तुळशीला पाणी घालाय कुणी नाय इथं."

शनिवारी निघतोय. तुम्ही गेलात तिकडं टपाल पोचत नाही, हा कागद पाकिटात जाणार नाही, हे मला कळतं. तरी तुम्हाला म्हणून सांगते. तिला मी व्हय म्हटलं, दोनच दिवस. पण डिकीत तिच्या तुळशीच्या कुंडीपुरती जागा मोकळी ठेवलीय. चुकतंय असं वाटत असेल तर आम्ही निघायच्या आत चार ओळी टाका.