फाटकाच्या आत गाडी नाही

५ ऑक्टोबर
आजपासून रोजनिशी. घरात माझं कुणी ऐकत नाही, विभागात ऐकू येऊनही ऐकत नाहीत. कागद निदान मध्ये तोंड घालत नाही.
कुलगुरूंनी मला हरित वाहतूक समितीचा अध्यक्ष केलं. मिशअल म्हणतो, दुसरं कुणी तयारच नव्हतं. हा मिशअल रसायनशास्त्राचा. राहतो कॅम्पसच्या मागच्या भिंतीला खेटून आणि विभागात येतो जीपमधून. वर कॉफी पिऊन होईपर्यंत जीप चालूच ठेवतो, आतला गारवा जाऊ नये म्हणून. असल्या माणसाला उन्हात उभं करायला हवं.
संकल्प: वर्षाच्या आत कॅम्पसवर एक गाडी दिसता कामा नये.

६ ऑक्टोबर
पाहणी केली. संपूर्ण कॅम्पस गाडीने फिरलो. पायी फिरलो असतो तर पाहणी अर्धवट राहिली असती.

१९ ऑक्टोबर
सायकली आल्या. हिरव्याकंच. मुलं वरून बसतात आणि भन्नाट वेगाने खालच्या फाटकाशी येतात. तिथे सायकली टाकतात आणि बसने घरी. वर कुणी चढवत नाही. संध्याकाळी सगळ्या सायकली डिझेलच्या ट्रकमधून वर न्याव्या लागतात. ट्रक चढावर असा धूर सोडतो की वसतिगृहाच्या मुली खिडक्या लावून घेतात.
माझी बायको इब्तिसाम मला मुलाच्या नावाने, हैसमचे वडील म्हणून हाक मारते. म्हणाली, अबू हैसम, अजलूनच्या डोंगरात चढ असतो हे तुम्हाला माहीत नव्हतं का? मी म्हटलं, चढाचा दोष नाही, पिढीचा आहे. ती हसली. बायको ग्रंथालयात असली की तिला सगळंच वाचल्यासारखं वाटतं.

२ नोव्हेंबर, दुपार
आज सभेत भडका उडाला. मी मांडलं: फाटकाच्या आत गाड्या बंद, सगळ्यांनी खाली लावून चालत वर यायचं. मिशअल उठला आणि म्हणाला, आधी अध्यक्षांनी चालून दाखवावं, ते तर चहा प्यायलाही गाडीने जातात. सगळे हसले. कुलगुरूही हसले. कानशिलं तापली माझी. उभा राहिलो, टेबलावर हात आपटला आणि म्हणालो, आजपासून या फाटकातून गाडीत बसून आत आलो तर माझ्या बायकोला तलाक!
सभा चिडीचूप. जिंकलो.

२ नोव्हेंबर, संध्याकाळ
बातमी माझ्याआधी घरी पोहोचली. इब्तिसाम स्वयंपाकघरात उभी होती, गॅस बंद. म्हणाली, वाद तुमचा, मिशअल तुमचा, गाडी तुमची. आणि तलाक माझा? सव्वीस वर्षांत मी तुमच्यापाशी काय मागितलं, की भर सभेत मला पणाला लावलंत?
मी समजावलं की मी शब्दाचा पक्का माणूस आहे, तेव्हा तिला काळजीचं कारणच नाही. ती स्वयंपाकघरातून निघून गेली. पटलं असावं.
जेवण आपलं आपण वाढून घेतलं. झोप छान लागली.

३ नोव्हेंबर
घरापासूनच पायी निघालो, फाटकापर्यंत गाडी आणली तरी मिशअल हसला असता. इब्तिसामने खुंटीवरची किल्ली घेतली. लायसन्स तिच्याकडे पंधरा वर्षांपासून आहे, पण मी तिला चढावर गाडी देत नाही, क्लच जळतो. आज विचारलंच नाही तिने. अर्ध्या चढावर माझ्या बाजूने गेली. थांबली नाही. बरोबरच आहे, मला बसता येत नाही. पण वेग कमी करायला काय झालं होतं?
आठवडाभरात कंटाळेल.

१० नोव्हेंबर
आमच्या गावात पायी चालणं हे संकट समजतात. प्रत्येक गाडी थांबते. बेकरीवाला, प्लंबर, माझेच विद्यार्थी. बसा डॉक्टर, गाडी बिघडली का? विकली का? घरी सगळं ठीक ना? मी पर्यावरण म्हणतो, ते मान हलवतात आणि म्हणतात, अल्ला बरं करो. आता सगळीकडे पसरलंय की मला साखरेचा आजार आहे आणि मी लपवतोय. शेजारणीने मेथ्यांची पुरचुंडी पाठवली.
खोटं बोलणाऱ्यांवर मला खटला भरावासा वाटतो. मेथ्या भिजत घातल्या.

३० नोव्हेंबर
कुलगुरू म्हणतात, फाटक परीक्षेनंतर बंद करू. मागच्या वेळी म्हणाले होते, ऑलिव्हची तोडणी झाल्यावर. फाटकाशी उभं राहून पाहिलं. आख्ख्या विद्यापीठात गाडीने आत न येणारा प्राध्यापक एकच: मी. ही सुरुवात आहे. मोठ्या चळवळी अशाच सुरू होतात.
गुडघा सुजलाय.

२१ डिसेंबर
इब्तिसाम अजून कंटाळलेली नाही. उलट सकाळी गुणगुणते. मी म्हटलं, आतून घाबरलेली असशील, सांगत नाहीस. ती म्हणाली, मला काय वाटतं ते कधी विचारलंत का? आत्ताच तर विचारलं!

११ जानेवारी
आजचा दिवस लिहायलाच नको होता, पण राग कुठेतरी काढायला हवा.
सकाळी गारांचा पाऊस. छत्री उलटी झाली. फाटकाच्या अलीकडे एक जुनी पिकअप थांबली. आत हाज सलामा नावाचे म्हातारे, नातीच्या गाद्या वसतिगृहावर पोहोचवायला निघालेले. म्हणाले, बस बाबा. मी नको म्हटलं. बस. नको. मी कारण सांगायला तोंड उघडणार, तोच म्हातारा भडकला आणि म्हणाला, या गारांत तुला सोडून जाऊ? तू माझ्या गाडीत बसून वर आला नाहीस तर माझ्या म्हातारीला तलाक!
मी मटकन दगडावर बसलो.
मी बसलो तर माझी बायको गेली, नाही बसलो तर त्यांची. सांगितलं तेव्हा हाजना रडूच फुटलं. म्हणाले, ती घरी माझ्यासाठी मसूर शिजवतेय रे, तिला जाऊन काय सांगू? मी ओरडलो, मग कुणी सांगितलं होतं शपथ घालायला! ते म्हणाले, आणि तुला कुणी सांगितलं होतं? मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न, पोरांचे मोबाईल वर. मिशअलने जीपची काच खाली केली आणि म्हणाला, दोघींनाही एकदा विचारून घ्या, कदाचित त्यांना चालत असेल. त्याला त्या दगडानेच मारणार होतो.
शेवटी फाटकावरच्या पहारेकऱ्याने शहरातल्या मुफ्तींना फोन लावला आणि ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. मुफ्तींनी हाजना शांत केलं. धमकावण्यापुरती शपथ होती ना? बायको सोडायचं मनात नव्हतं ना? मग संसार शाबूत आहे. दहा गरिबांना जेवू घाला, आणि जीभ आवरा. हाजनी फोनचा मुका घेतला.
मग मी माझं नाव सांगितलं. मुफ्ती म्हणाले, सभेतल्या शपथेवाले? अहो, हैसमच्या आई, उम्म हैसम, नोव्हेंबरातच येऊन गेल्या. त्यांना हेच सांगितलं, आणि तुम्हाला माझ्याकडे पाठवा म्हणून निरोप दिला. अजून आला नाहीत?
पूर्ण रांगेने ऐकलं.

११ जानेवारी, संध्याकाळ
विचारलं तिला. ओरडूनच विचारलं. दोन महिने माझे गुडघे झिजले, आणि तुला माहीत होतं?
म्हणाली, हो. त्या रात्री मी डोळ्याला डोळा लावला नाही, आणि तुम्ही घोरत होतात. सकाळी आधी मुफ्तींकडे गेले. परत येताना एकटीच गाडीत होते, शेजारी बसून ब्रेक, ब्रेक ओरडणारं कुणी नव्हतं. ठरवलं, ज्या दिवशी हा माणूस विचारेल, इब्तिसाम, तू घाबरलीस का, त्या दिवशी सांगेन. तुम्ही विचारलंच नाहीत. तुम्ही सांगितलंत, घाबरली असशील म्हणून.
मी म्हटलं, हा शब्दांचा खेळ आहे. ती उठून गेली.

१३ जानेवारी
मुफ्तींकडे जाऊन आलो. दहा जणांना जेवण घातलं. शपथ सुटली. समितीचा राजीनामा दिला, कुलगुरूंनी वाचायच्या आधीच मंजूर केला.
संकल्प: उद्यापासून गाडी माझी. ती शेजारी. चिडणार नाही, क्लचबद्दल बोलणार नाही.

१४ जानेवारी
लवकर आवरून खाली गेलो. इब्तिसाम स्टिअरिंगवर. शेजारी आणि मागे ग्रंथालयातल्या चौघीजणी, मांडीवर डबे. दोन महिन्यांपासून ती त्यांना घेऊन जाते म्हणे, त्यांच्या गाड्या घरीच असतात. मी दार उघडलं. इब्तिसाम म्हणाली, जागा नाही हो, अबू हैसम.
चालत निघालो. वाटेत खूप गाड्या गेल्या. बेकरीवाला गेला, प्लंबर गेला. आता सगळ्यांना सवय झाली आहे. कुणीच थांबलं नाही.