जुडग्याला लागलेलं कुंकू

शुक्रवार, १४ नोव्हेंबर. सनाबिस.

सेकंडहँड का होईना, इथे आखातात आल्यावर जर्मन गाडी आली एकदाची. पार्किंगमध्येच पूजा उरकली. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर हळदकुंकू. हिने माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यालाही कुंकू लावलं. खालच्या मजल्यावरचे रत्नागिरीचे दाऊदभाई गाडीचं दार लावून त्याचा आवाज ऐकत म्हणाले, "माशाल्ला! जर्मन काम म्हणजे बघायलाच नको."

मग आमची ईशा मागच्या सीटवर बसून फोनवर गाडीच्या कंपनीचा इतिहास वाचू लागली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परदेशातून धरून आणलेले मजूर, कारखान्याशेजारी त्यांच्या बराकी. मी म्हटलं, "जुनं आहे गं ते. पुढे कंपनीनेच कबूल केलंय." तर म्हणते, "बाबा, बराक्स मीन्स लाइक युवर लेबर कॅम्प?"

छे! आमच्या ऑफिसच्या कॅम्पात राहणारे मजूर आपणहून येतात, पगार घेतात. कुठलं काय कुठे लावते ही! रागावलोच तिच्यावर. पण एवढं रागवायला काय झालं होतं?

त्या मजुरांचे पासपोर्ट ऑफिसच्या कपाटात असतात. हरवू नयेत म्हणून, असं आम्ही सांगतो. कुणी मागितलाच, तर मी "इंशाल्ला, बघू" म्हणतो.

त्या कपाटाची किल्ली याच जुडग्यात आहे. आत्ता पाहिलं, कुंकू तिलाही लागलंय.