मोहगावचे दाऊदसाहेब

६ सप्टेंबर १९५६, पांढुर्णा

वरुडहून सकाळची मोटार धरली, ती जेवणवेळेला इथे पोचली. अंगावर इतकी धूळ होती की घरमालक पुंडलिकरावांनी रामराम करायच्या आधी पंचा पुढे केला. कालच इथली गोटमार झाली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची दगडफेक. पुंडलिकरावांनी पन्नाशी ओलांडली, तरी कपाळाला पट्टी. जेवायला वाढताना केसरकाकू म्हणाल्या, "दर साली म्हन्तो जाऊ नोका, अन् दर साली डोकं फोडून येऊन राहिले." पुंडलिकराव भाकरी मोडत होते. मला हे घर आवडलं.

मशिदीच्या मागच्या गल्लीत, ओसरीला लागून माझी खोली आहे. काकूंनी आल्याआल्याच मला मुनीरभाऊ करून टाकलं. नवी वही आहे म्हणून पहिल्या पानावर रीतसर लिहिलं: मुनीर अहमद, वल्द गुलाम दस्तगीर, मुक्काम अचलपूर. घरी उर्दू बोलतो, पण शाळा मराठी झाली, म्हणून रोजनिशी मराठीत. अक्षर मात्र दोन्हीकडे देखणं आहे. असं मी नाही म्हणत, लोक म्हणतात. त्या अक्षरापायीच मौलवी सिराजुद्दीनसाहेबांनी मला बोलावलं.

१० सप्टेंबर

मौलवीसाहेब ऐंशीचे आहेत. नजर गेली, बाकी सगळं शाबूत. त्यांच्याकडे एक जुनी वही आहे. तीत चाळीस हदीसा, म्हणजे पैगंबरसाहेब काय बोलले, कसे वागले त्याच्या हकिकती. प्रत्येकीच्या डोक्यावर नावांची साखळी: मौलवीसाहेबांनी कोणाकडून ऐकलं, त्यांनी कोणाकडून, असं मागे मागे थेट पैगंबरसाहेबांच्या सोबत्यांपर्यंत. वहीला वाळवी लागली, म्हणून मी स्वच्छ नक्कल करायची. बारावफातीला, म्हणजे पैगंबरसाहेबांच्या जन्मदिवशी, ती सगळ्यांसमोर वाचली जाईल आणि मौलवीसाहेब आपल्या नावाखाली माझं नाव घालतील. तेराशे वर्षांची साखळी आणि शेवटची कडी मुनीर अहमद. अम्मीला आजच पत्र टाकलं.

संध्याकाळी पुंडलिकराव मशिदीच्या पायरीवर गप्पा मारायला बसले. तुमचं कुराण असताना ही आणखी वही कशाला, असं त्यांनी विचारलं. मौलवीसाहेब म्हणाले, नमाज पढा असं कुराणात आहे, पण उभं कसं राहायचं, वाकायचं कसं, हे ज्यांनी पैगंबरसाहेबांना पाहिलं त्यांनी पुढच्यांना दाखवलं. ती रीत म्हणजे सुन्नत. मधला एकजण खोटा निघाला तर आपण कोणाच्या मागे उभे आहोत ते कसं कळणार? म्हणून मधल्या प्रत्येकाची चौकशी करायची. कोण, कुठला, कोणाला भेटला, स्मरण कसं, जिभेचा खरा होता का. आणि अनोळखी माणसाची साक्ष कधी घ्यायची नाही, मग तो वरवर कितीही खरं बोलो.

पुंडलिकराव म्हणाले, "आमी सोयरिकीत बी येवढं पाह्यत नाही, मौलवीसाहेब." मौलवीसाहेब पोट धरून हसले.

२८ सप्टेंबर

तीस हदीसा झाल्या. एकतिसावीला घोडं अडलं. तहानलेल्या मुक्या जीवाला पाणी पाजण्याची ती हकिकत. मजकूर शाबूत आहे, पण साखळीतलं एक नाव वाळवीने खाल्लं. मौलवीसाहेबांच्या उस्तादांचे उस्ताद. नेमकं तेवढंच नाव मौलवीसाहेबांना आठवेना. 

मग त्यांनी बुऱ्हाणपूरला, उस्तादांच्या घरच्यांना पत्र लिहवलं. मला बजावलं, हकिकतीला धोका नाही, मोठ्या ग्रंथांत ती दुसऱ्या साखळ्यांनी आहेच. पण आपल्या साखळीत भोक पडलं असेल तर ते भोक म्हणूनच दिसलं पाहिजे. जागा कोरी ठेव.

९ ऑक्टोबर

बुऱ्हाणपूरचं उत्तर नाही. इथे ज्याच्या त्याच्या तोंडी नव्या राज्याची गोष्ट. नागपूर मुंबईकडे जाणार, पांढुर्णा आणि सौंसर भोपाळकडे. पुंडलिकरावांचा जीव वरखाली होतो. म्हणतात, "अख्खी जिनगानी नागपूरले गेलो, आता भोपाळ कोन्या दिशेले हाय तेबी ठावं नाही."

मौलवीसाहेब आज म्हणाले, उत्तर आलं नाही तर वही अपुरी. अपुऱ्या वहीवर ते नाव घालणार नाहीत. म्हणजे माझं नाव. अम्मीने तर मोहल्ल्यात सांगूनही टाकलं असेल.

दुपारी ती जागा भरली. खिडकीतून संत्र्यांच्या टोपल्यांची बैलबंडी जाताना दिसली, टोपल्यांवर मोहगाव लिहिलं होतं. मी लिहिलं: शेख दाऊद मोहगावी. समासात बारीक अक्षरात त्यांची ओळखही दिली. डाव्या पायाने अधू, काठी टेकत चालत, स्मरण पक्कं, जिभेचे खरे. मग मौलवीसाहेबांना सांगितलं की बुऱ्हाणपूरहून पत्र आलं, आणि नाव वाचून दाखवलं. त्यांनी चाचपडत माझं डोकं शोधलं आणि हात ठेवला.

हकिकत तर खरी आहे. एका नावाने तिचं काय बिघडणार? पान आता छान भरलेलं दिसतं.

१३ ऑक्टोबर

मी मशिदीत असताना कोणी म्हातारा येऊन गेला. केसरकाकू म्हणाल्या, मोहगावचा होता, पाय ओढत, काठी टेकत आला. ओसरीवर बसला, तांब्याभर पाणी प्याला. "तुमालेच इचारून राह्यला होता, मुनीरभाऊ. म्हने माहं नाव त्यानं कोनापासून आयकलं, तेवढं सांगाले सांगा."

मौलवीसाहेब कोणाकडे बोलले असतील, कोणीतरी चेष्टा केली असेल. पण मी त्यांना नावच वाचून दाखवलं होतं. समास वाचला नव्हता.

१५ ऑक्टोबर

आज मौलवीसाहेब खुशीत होते. म्हणाले, दाऊदसाहेब आठवले. आमचे उस्ताद नेहमी सांगत, त्यांच्या काठीचा आवाज आला की शिष्य सावरून बसत.

काठी मी तयार केली. सहा दिवसांपूर्वी, टाकाने.

सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं. पण बारावफात तीन दिवसांवर आहे. नंतर सांगेन.

१७ ऑक्टोबर

मोहगावला जाऊन आलो. असा माणूस नव्हता एवढं कोणाकडून ऐकलं असतं तरी शांत झोपलो असतो. कबरस्तानात लिंबाखाली कबर आहे. जुनी, शेवाळलेली. दगडावर तेच नाव, आणि अक्षर — वळण माझं आहे. दाऊदमधलं दाल हे अक्षर मी जसं काढतो तसंच.

राखणदार म्हणाला, त्याच्या आज्याने त्यांना पाहिलं होतं. जिभेचे फार खरे. एक शिष्य होता म्हणे त्यांचा शेवटचा, पण त्याचं नाव कोणाला माहीत नाही.

घरी आलो तर पुंडलिकराव ओसरीवर होते. मला विचारलं, तुमी कोन्या गावचे म्हनले होते? मोटारीवर मला घ्यायला तेच आले होते.

१८ ऑक्टोबर, बारावफात

सगळं लिहून ठेवतो.

मशीद भरली होती. वही वाचून झाली. मौलवीसाहेबांनी चाचपडत शेवटच्या पानावर बोट ठेवलं आणि विचारलं, आता माझ्या नावाखाली कोणाचं नाव घालायचं? माझं नाव घालायचं त्यांनीच ठरवलं होतं, तरी ते जमलेल्यांना विचारत होते. खरंच विचारत होते. 

मी उठलो. सगळ्यांदेखत सांगितलं की एकतिसाव्या हदीसेतलं नाव खोटं आहे, मी रचलं, बुऱ्हाणपूरहून पत्र आलंच नाही. मला माफ करा, माझं नाव घालू नका, पण ते नाव तेवढं खोडा. रडत होतो. इतकी माणसं बघत होती त्याची लाजही वाटली नाही.

मौलवीसाहेबांनी शेजारच्यांना हळूच विचारलं, हा कोण बोलतो आहे? कोणाला सांगता आलं नाही. मग माझ्या आवाजाच्या दिशेने, अगदी मायेने म्हणाले की बाबा, दाऊदसाहेबांना सगळा मुलूख ओळखतो. तुला इथे कोणी ओळखत नाही. अनोळखी माणसाची साक्ष आम्ही घेत नाही.

नियम त्यांचाच. बरोबर आहे.

२३ ऑक्टोबर

अचलपूरहून पत्र. अम्मीला लिहिता येत नाही, दुसऱ्या कोणाकडून लिहवलंय. आपलं पत्र मिळालं, पण मरहूम गुलाम दस्तगीर यांना मूलबाळ नव्हतं. मला अम्मी म्हणणारे आपण कोण? कोणी अनाथ असाल तर अल्ला आपलं भलं करो.

तीनदा वाचलं. दुवा मात्र तिचीच आहे. ती अशीच देते.

२६ ऑक्टोबर

भर दुपारी काठीचा आवाज. ओसरीवरून दारापर्यंत. थांबतो. पुन्हा ओसरी —

काकूंना म्हटलं, दार उघडू नका. त्यांनी माझ्याकडे पाहून डोक्यावर पदर घेतला. परक्या माणसासमोर घेतात तसा. "पाहुने, हे खोली दाऊदसायबाची हाय. तुमी कोनाकडं आले?"

काकू, मी — तुम्ही मला भाऊ म्हणत होता —

२९ ऑक्टोबर

मशिदीतली वही चोरायची ठरवलं. एकतिसावं पान फाडायचं. गेलो. पान उघडलं. शाई जुनी झालेली, शंभर वर्षांची असावी तशी. सगळी वही नवी आणि तेवढी एक ओळ —

फाडवेना. वर पैगंबरसाहेबांचं नाव आहे. हात पुढे जाईना.

लोक ती हकिकत दाऊदसाहेबांच्या नावाने सांगू लागलेत. पोरंसुद्धा. आता ती पुढे जाणार. सौंसरला, रामाकोन्याला — कुठवर —

३१ ऑक्टोबर

या रोजनिशीच्या पहिल्या पानावर कोणा मुनीर अहमदचं नाव आहे. अक्षर माझं आहे. हा कोण?

१ नोव्हेंबर

नवं राज्य झालं. बाहेर शाळेची पोरं झेंडे घेऊन —

ते आत आले. समोर बसलेत. काठी मांडीवर. काकूंनी एकच पेला पाणी आणून ठेवलं, त्यांच्यापुढे. ते रागावलेले नाहीत. तेवढंच विचारतात. माझं नाव कोणाकडून ऐकलंस?

कोणाकडून नाही. मीच —

लिहून ठेवतो, हात चालतो आहे तोवर. जो वाचेल त्याने एकतिसावी साखळी तोडावी. मधलं नाव खोटं आहे. ही साक्ष खरी आहे, घ्या. साक्षीला सांगणाऱ्याचं नाव लागतं, ते मला माहीत आहे, मौलवीसाहेबांनीच शिकवलं. तर हे सांगणारा मी —

मी, वल्द —

मुक्काम —