बाकावरचे दोन तास

प्रिय वन्सं,

फोनवर मी मुद्द्यावर आले की तुला नेमकं काहीतरी काम आठवतं, म्हणून हा पत्राचा घाट. भाची मजेत आहे. चार महिन्यांची झाली, पण आवाज थेट आत्याचा. सगळं घर धाकात असतं.

तुझ्या प्रयोगशाळेतला तो बाक अजून डोळ्यांसमोर येतो. ग्लासभर साखरेचं पाणी प्यायले आणि पंधराव्या मिनिटाला बेसिनवर जाऊन सगळं ओकून आले. तोंड पुसून परत बाकावर बसले, कुणाला काही सांगितलं नाही. पहिलं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. वजन खूप भरलं होतं त्याचं, पण तेव्हा माझी साखर कुणी तपासलीच नव्हती. या खेपेला मला चांगला रिपोर्ट हवा होता, खरा नव्हे.

साखर पोटात राहिलीच नव्हती, म्हणून तो आलाही चांगला. घरात सगळे खूश असताना तू म्हणालीस, "रक्त घ्यायची वेळ माझ्याकडून चुकली. चाचणी पुन्हा करावी लागेल." माझी ओली ओढणी तू पाहिली होतीस. मामंजी तुला नाही नाही ते बोलले, तुझ्या साहेबांनी लेखी खुलासा मागितला, आणि मी मिठाची गुळणी धरून बसले.

दुसऱ्या चाचणीत साखर वाढलेली निघाली. मी रडत बसले, तू वही उघडलीस. मोजके घास, जेवणानंतरचं चालणं, बोटाला टोचणं, पुढे इन्सुलिन. हात धुऊन मागे लागलीस माझ्या. दिवस भरून, बेताच्या वजनाची लेक झाली. तिची साखर तपासत होते तेव्हा तू पाळण्यापासून हलली नाहीस. तुझ्या हुशारीचं कौतुक सगळेच करतात. मला थोर वाटतं ते हे, की माझी चूक पदरात घेऊन तू एकदाही टोमणा मारला नाहीस. तुझ्या जागी मी निदान चार मारले असते.

आज जेवताना सगळ्यांना खरं सांगून टाकलं. मामंजी ताटावरून उठले आणि तुला फोन लावत राहिले. तू उचलला नाहीस. जावईबापूंकडून कळलं, सहावा महिना सरत आला तरी तू स्वतःची तपासणी दोनदा पुढे ढकललीस. भीती वाटते ना? मला ठाऊक आहे ती. त्यांच्याच हाती हे पत्र देते आहे. गुरुवारी सकाळी उपाशीपोटी तयार राहा, मी न्यायला येते. बाळंतपणानंतरची माझी तपासणीही मी टाळत आले आहे. एक ग्लास तुझा, एक माझा. उलटी जिला होईल, तिने या वेळी सांगायचं.

तुझीच,
तोंड पुसून बसलेली वहिनी