मार्चमधला कचरा

३ नोव्हेंबर, सोमवार
प्रबंधाचं प्रकरण चार गेलं. माझे गाईड देवव्रत सर शांतपणे म्हणाले, "शलाका, हा फरक इलेक्ट्रॉनांचा कशावरून? तुझ्या वायरिंगचा असेल." ते शांतपणे बोलतात तेव्हा जास्त लागतं.

किती साधं आहे खरं तर! अतिपातळ थरात अडकलेले इलेक्ट्रॉन. एका दिशेने सुरळीत धावतात, आडव्या दिशेने रखडतात. मी त्यांची संख्या कमी करत गेले, तसा दोन दिशांमधला फरकही कमी होत गेला. थोडेच उरले की ते एकमेकांना जास्त जाणवतात — खच्चून भरलेल्या बसमध्ये कोण कोणाकडे बघतं? रिकाम्या बसमध्ये मात्र चढणाऱ्या प्रत्येकाकडे सगळे बघतात. माझी चार वर्षं यात गेली.

उपाय एकच. नमुना काटकोनात फिरवून पुन्हा मोजायचा. फरक नमुन्याबरोबर फिरला तर खरा, वायरींबरोबर जागेवर राहिला तर खोटा. पण नमुना गार करायला द्रव हेलियम हवा, तो येणार डिसेंबरात. प्रबंध द्यायचाय तीस नोव्हेंबरला.

४ नोव्हेंबर
चिडचिड. आईचा फोन उचलला नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
अनुषाच्या घरी जेवले. लॅबमधली तीच एक मैत्रीण. म्हणाली, "तीन प्रकरणांवरही डिग्री मिळते गं." मिळते. पण ती तिन्ही सरांनी सुचवलेली. चौथंच तेवढं माझं आहे.

सगळा डेटा परत चाळला, मार्चचा सोडून. तेव्हा भाचीच्या बारशाला सांगलीला गेले होते. परत येऊन मोजलं तर सगळं उलटं — सोपी दिशा अवघड, अवघड ती सोपी. काहीतरी बिघडलंय म्हणून 'कचरा' नावाच्या फोल्डरात ढकललं. गार करायचं यंत्र सांभाळणाऱ्या शिवकुमार अण्णांवर उगाच डाफरलेही होते.

१० नोव्हेंबर, सोमवार
अण्णांनाच विचारलं, कुठून थोडा हेलियम मिळेल का, नमुना एकदाच फिरवायचाय. अण्णा बेळगावचे. चहा फुंकत म्हणाले, "फिरवलोय की मॅडम. मार्चात. तुम्ही गावाला गेलेला, नमुना धरायच्या होल्डरची पिन मोडली, म्हणून आडवा लावलो. एप्रिलात नवी पिन आली, परत सरळ केलो."

मला का नाही सांगितलं?

"वहीत लिहिलोय की."

वही यंत्राशेजारी दोरीला लटकलेली. सगळी कन्नडमध्ये. चार वर्षं मी तिच्यात सह्या करतेय, वाचलं एक अक्षर नाही — वाचताच येत नाही. लाज वाटली.

११ नोव्हेंबर
'कचरा' उघडला. फरक नमुन्याबरोबर फिरलाय! आणि इलेक्ट्रॉन कमी होताना अगदी तसाच विरत जातो. सरांनी दोन्ही आलेख शेजारी ठेवून बघितले. म्हणाले, "लिही."

आईला फोन केला.

१२ नोव्हेंबर
अण्णांना त्यांचं पूर्ण नाव विचारलं — या निकालावर जो पेपर लिहायचा, त्याच्या लेखकांत घालायला. चार वर्षांत पहिल्यांदा.