पुड्यांचा कागद

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ६.४०
काय झालं, क्रमाने:
१. ३० जानेवारीला नवीन लॅपटॉप आला. त्यात पासवर्ड मॅनेजर टाकला. नवीन फाइल करायची का, असं त्याने विचारलं. मी हो केलं.
२. ती रिकामी फाइल जुन्याच नावाने क्लाउडवर गेली आणि भरलेल्या फाइलच्या जागी बसली. फोननेही मुकाट्याने रिकामी फाइल उतरवून घेतली.
३. जुन्या फाइलमध्ये २१४ पासवर्ड होते. २१३ पुन्हा करता येतात.
४. उरलेला एक आईच्या रेकॉर्डिंगच्या फोल्डरचा. फोल्डर मीच एन्क्रिप्ट केला होता. फोनमध्ये जागा नव्हती म्हणून मूळ रेकॉर्डिंगही मीच पुसली.
५. रेकॉर्डिंग ४१. ऑगस्ट ते नोव्हेंबर, आई आजारी असताना. बियाणं कसं राखायचं, कधी लावायचं, हे ती सांगत होती. २६ नोव्हेंबरला ती गेली.
६. क्लाउड फाइलच्या जुन्या आवृत्त्या तीस दिवस ठेवतं.

निष्कर्ष: डेटा गेलेला नाही, फक्त जागेवर नाही. आज संध्याकाळपर्यंत विषय संपेल.

२ फेब्रुवारी. संध्याकाळी ७
२९ जानेवारीची आवृत्ती मिळाली. उतरवली, तीन ठिकाणी ठेवली. ९० टक्के काम झालं.
आता ती मास्टर पासवर्ड मागते, जुन्या आवृत्तीला ठसा चालत नाही. दोन वर्षं मी बोटाच्या ठशाने उघडत होते. पासवर्ड म्हणजे आठ इंग्रजी शब्द, कॉम्प्युटरने निवडलेले, एकमेकांशी संबंध नसलेले. लक्षात राहू नयेत असेच. पण मी तयारी ठेवली होती. जाड कागदावर छापून तो कागद आईकडे दिला होता. जपून ठेव म्हटलं होतं.
उद्या पाच मिनिटांचं काम.

३ फेब्रुवारी
आईने कागद बियाण्याच्या डब्यात ठेवला होता. तिच्या दृष्टीने जपून ठेवायची जागा तीच. डबा रिकामा आहे.
बाबांना विचारलं. म्हणाले, तेरवीला आलेल्या बायांना तिचं बी वाटून टाकलं. बी डब्यात ठेवून काय करतं, थे मातीत गेलं पाह्यजे. पुड्या कशात बांधल्या, मी विचारलं. डब्यातच होता ना कागद. आई पुड्यांचा कागद नेहमी डब्यातच ठेवायची, हे खरं आहे. "चांगला जाड होता बापा, चार पुड्या झाल्या," असं समाधानाने म्हणाले.

एक पुडी त्यांनी स्वतःसाठी ठेवली आहे. दोडका. ती उलगडली. शब्द १ आणि २. बाबांनी कागद नीट घडी घालून फाडला, त्यामुळे प्रत्येक पुडीवर दोन शब्द पूर्ण. हे भाग्यच म्हणायचं. २५ टक्के.
बाकी तीन पुड्या नेणाऱ्या आईच्या मैत्रिणी: दुर्गाबाई, चंदाबाई, नानीबाई. उन्हाळी भाजी आता लावतील. बी मातीत गेलं की कागद कोणी ठेवत नाही. म्हणून मुदत १० फेब्रुवारी.

५ फेब्रुवारी
दुर्गाबाई आमच्या शेजारच्या मळ्यात. गवार तोडत होत्या. कागद मागितला तर म्हणाल्या, "काहून वं, तुह्या मायनं एवढ्या वर्साचं बी देल्लं, कधी पुडी वापस नाही मांगतली. तू शिकून अशी झाली का?" मग हात धुऊन आल्या, चवळीचं बी वाटीत काढून कागद दिला आणि चहा पाजला. आई चवळी कोणत्या वाफ्यात लावायची, का लावायची, हे अर्धा तास सांगत होत्या. अवांतर. नोंद केली नाही.
५० टक्के.

८ फेब्रुवारी, रविवार
वाशीमला गाडी बदलून रिठद. चंदाबाई आईची माहेरची मैत्रीण. पुडी आढ्याला बांधलेली. आधी जेव म्हणाली, मग बोल. जेवले.
काकडीचं बी आहे. तिने सांगितलं की आई ते ओल्या फडक्यात बांधून पदराच्या गाठीत ठेवायची, अंगाच्या गरमीनं लवकर मोड येतो. दोडक्याचंही असंच, पण दिवस वेगळे. किती, ते तिला आठवेना. "थे नानीले मालूम. तुले नाही सांगतलं का तुह्या मायनं?"
सगळं रेकॉर्ड आहे म्हटलं.
"मंग आयक ना."
ऐकणारच आहे म्हटलं.
सहा शब्द. ७५ टक्के. परतीच्या एसटीत बसायला जागा मिळाली. सर्व काही नियोजनाप्रमाणे.

११ फेब्रुवारी, बुधवार
मुदत काल संपली. मेडशीला फोन केला. नानीबाईंच्या मुलाने, उदयसिंगने घेतला. त्याच्या आईने भेंडी सोमवारीच लावली म्हणाला. कागद चुलीत गेला. मग म्हणाला, "कागद जळला ताई, बी नाही जळलं." समजूत घालत असावा. आणखी म्हणाला की दर बुधवारी नानीबाई आणि माझी आई फोनवर तासभर बोलायच्या. आज बुधवार, त्यात आमच्या घरून फोन, म्हणून नानीबाई उठून आल्या होत्या. मी त्यांना फोन दिला नाही, म्हणजे द्यायला सांगितला नाही.
आता गणित. दोन शब्द अज्ञात. कॉम्प्युटर ज्या यादीतून शब्द निवडतो, तिच्यात ७,७७६ शब्द. जोड्या ६,०४,६६,१७६. माझ्या लॅपटॉपवर एका प्रयत्नाला एक सेकंद. म्हणजे ७०० दिवस. जास्तीत जास्त १२ जानेवारी २०२८. मुदत असलेली गोष्ट हरवलेली नसते.
एकेक जोडी लावून पाहणारी स्क्रिप्ट दुपारी ४.१० ला सुरू केली.

१४ फेब्रुवारी, शनिवार
थ्री फेजचा घोळ, दुपारपासून लाइट नव्हती. बॅटरी संपून लॅपटॉप बंद पडला. स्क्रिप्ट कुठपर्यंत आली होती, ते कुठे लिहून ठेवायची सोय मी केली नव्हती. ऑफिसात नवीन माणसाने असं केलं असतं तर मी त्याला ऐकवलं असतं.
पुन्हा पहिल्यापासून. १५ जानेवारी २०२८. तीन दिवसांचाच फरक.

बाबा दोडक्याचं बी वाटीत घेऊन आले. कधी लावू, म्हणाले. मी म्हटलं, मला का विचारता? "मंग कोणाले इचारू? चार महिने तूच बसत होती तिच्यापाशी."
उद्या सांगते म्हटलं.

१५ फेब्रुवारी
सांगितलं नाही. बाबांनीही पुन्हा विचारलं नाही. वाटी माझ्या टेबलावर ठेवून गेले आहेत.
अचूकतेसाठी नोंद: ४१ पैकी एकही रेकॉर्डिंग मी ऐकलेलं नाही. सांगत असतानाही नाही. तिच्या उशाशी फोन ठेवायचे, "बोल, रेकॉर्ड होतंय" म्हणायचे आणि कानात इयरफोन घालून ऑफिसच्या मीटिंगला बसायचे. ती फोनकडे बघून बोलायची. मधेच थांबून माझ्याकडे बघायची. ओठांवरून कळायचं, "समजलं ना?" म्हणते आहे.
मी मान हलवायचे. ४१ वेळा नाही. जास्त.

१६ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ७.१५
स्क्रिप्ट चालू आहे. तिला माझी गरज नाही.
उदयसिंगला पाठवलेला मेसेज, नोंदीसाठी:

उदयसिंग, त्या कागदाचं राहू दे. नानीबाईंना विचारून एवढं कळव.
१. माझ्या आईने दोडका कधी लावायला सांगितला होता.
२. बी पदरात किती दिवस बांधून ठेवायचं.
३. बुधवारी फोनवर ती आणखी काही बोलली असेल तर तेही. बियाण्याबद्दल नसलं तरी चालेल.
लिहिणं जमत नसेल तर मी मेडशीला येते. नानीबाईंनी बोलावं, मी रेकॉर्ड करणार नाही.
बी वाटीत काढून ठेवलं आहे. कृपया शुक्रवार, २० फेब्रुवारीपर्यंत उत्तर दे.
रंजीता, अनसिंग